उत्तर बरोबर, रीत चूक? (घातांकांचे नियम आणि सरळ रूप)

अनुस्वार

लेकीच्या वहीतलं एक उदाहरण घेऊन आलेय. बैजिक राशीला सरळ रूप द्यायचं आहे. इथे घातांक वर चढवून लिहिता येत नाही म्हणून ^ हे चिन्ह वापरतेय. अ^३ म्हणजे अ चा घन. ऋण घातांक कंसात लिहिलेत.

[ (२अ^३ ब^(-२))^३ × (अ^(-१) ब)^४ ] ÷ (४अ^२ ब^(-५))^२

तिने सोडवलेलं जसंच्या तसं उतरवते :

अंश : २अ^९ ब^(-६) × अ^(-४) ब^४ = २अ^५ ब^(-२)
छेद : ४अ^४ ब^(-१०)
उत्तर : अब^८ / २

पुस्तकाच्या मागे उत्तर छापलंय तेही अब^८ / २ असंच. तरी बाईंनी लाल फुली मारली आणि पाचपैकी एक गुण दिला. लेक फुरंगटून बसलीय. नवऱ्याचं म्हणणं, बाईंनी नुसती वही चाळली असणार. माझ्या मनात पाल चुकचुकतेय, पण नेमकं बोट ठेवता येत नाही. अ = १, ब = २ घालून ताळाही केला. मूळ राशीची किंमत १२८ आणि उत्तराचीही १२८. मग फुली कशाला?

उगीचच

बाईंकडे लाल शाई उरली असेल.

(पळतो. जाणकार येतीलच.)

फळ्यासमोर

अनुस्वारताई, फुली रास्त आहे. बोट ठेवायचं ते पहिल्याच ओळीतल्या २ वर.

(२अ^३ ब^(-२))^३ म्हणजे कंसात जे काही आहे ते अख्खं तीनदा घेऊन गुणायचं :

(२अ^३ ब^(-२)) × (२अ^३ ब^(-२)) × (२अ^३ ब^(-२))

आता नियमबियम विसरा आणि नुसतं मोजा. अ^३ तीनदा आला, म्हणजे अ एकूण नऊ वेळा. ब^(-२) तीनदा, म्हणजे ब^(-६). आणि २? तोही तीनदाच आला की! २ × २ × २ = ८. लेकीने अक्षरांना घात दिला आणि २ ला तसाच सोडला. छेदातही तीच गोष्ट, ४ चा वर्ग १६ व्हायला हवा होता.

नीट मांडलं तर असं होतं :

अंश : ८अ^९ ब^(-६) × अ^(-४) ब^४ = ८अ^५ ब^(-२)
छेद : १६अ^४ ब^(-१०)
भागाकार : (८/१६) × अ^(५-४) × ब^(-२+१०) = अब^८ / २

८/१६ म्हणजे १/२. तिच्या वाटेने गेलं तरी २/४ म्हणजे १/२. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, दुसरं काही नाही. छेदातल्या ४ च्या जागी ६ लिहा आणि तिला पुन्हा सोडवायला द्या. खरा सहगुणक (अक्षरांच्या आधीचा आकडा) ८/३६, म्हणजे २/९ येईल. तिच्या रीतीने २/६, म्हणजे १/३. तिथे पितळ उघडं पडेल.

एक गुण मात्र मला कमी वाटतो. अक्षरांचे घातांक तिने चोख हाताळलेत, -२ मधून -१० वजा करतानाही ती अडखळलेली नाही. बहुतेक मुलं तिथेच गळपटतात. मी तीन दिले असते.

काथ्याकूट

असहमत. गणितात उत्तर बरोबर म्हणजे बरोबर. रीतच तपासायची होती तर प्रश्न असा का काढला, की चुकीच्या रीतीनेही बरोबर उत्तर यावं? ही चूक प्रश्न काढणाऱ्याची. पूर्ण गुण द्या आणि पुढच्या वेळी आकडे जरा विचार करून निवडा.

फळ्यासमोर

प्रश्न काढणाऱ्याने आकडे बघायला हवे होते, हे मान्य. पण १६/६४ मधले वरचा आणि खालचा ६ खोडून कोणी १/४ लिहिलं, तर त्यालाही पूर्ण गुण द्याल? उत्तर तर बरोबरच आहे. २६/६५ मधले ६ खोडा, २/५ येतात, तेही बरोबर. १९/९५ आणि ४९/९८ हेही त्याच माळेचे मणी.

काथ्याकूट

तो अपूर्णांकांचा विनोद आहे हो. इथे पोरीने बाकीचं सगळं रीतसर केलंय.

उगीचच

१६/६४ वालं आत्ताच करून पाहिलं. माझा गणितावरचा उरलासुरला विश्वासही उडाला.

कंसातली

मला वेगळीच खाज सुटली. अशी गाठ कुठल्या आकड्यांना पडते? अंशातला सहगुणक क, त्याच्यावर घात ३. छेदातला ग, त्याच्यावर घात २. चुकीच्या रीतीने क/ग मिळतं, खऱ्या रीतीने क^३/ग^२. दोन्ही सारखे हवेत :

क^३ / ग^२ = क / ग

दोन्ही बाजूंना ग^२ ने गुणून क ने भागलं की क^२ = ग. म्हणजे छेदातला आकडा अंशातल्या आकड्याचा वर्ग असला की झालं! २ आणि ४ जमतात, ३ आणि ९ जमतात (२७/८१ आणि ३/९, दोन्ही १/३), ५ आणि २५ सुद्धा. अशी उदाहरणं हवी तितकी बनवता येतील.

फळ्यासमोर

शाब्बास! आता घात ३ आणि २ ऐवजी म आणि न घ्या बघू.

कंसातली

क^म / ग^न = क / ग, म्हणून क^(म-१) = ग^(न-१).

म = ४, न = ३ घेतले तर क^३ = ग^२. क = ४, ग = ८ चालतील, कारण ४ चा घन ६४ आणि ८ चा वर्गही ६४. ताळा : ४^४ = २५६, ८^३ = ५१२, भागाकार १/२. आणि ४/८ पण १/२. भारी आहे हे. चुकीचं शेपूट धरून नियमांचाच सराव झाला.

शून्यवत

अनुस्वार, तुमच्या ताळ्याबद्दल कोणी बोललंच नाही. अ = १ घातलात तिथेच अर्धा ताळा वाया गेला. १ चा कुठलाही घात १ च. अ च्या घातांकात कितीही गोंधळ असता, अगदी अ^५७ असतं, तरी अ = १ घातल्यावर कळलं नसतं. २ सुद्धा भरवशाचा नाही : २ + २, २ × २ आणि २^२, तिन्ही ४. मी ३ आणि ५ घेतो. मूळ संख्या असल्याने शेवटी किमतीचे अवयव पाडले की कुठला ३ कुठून आला आणि कुठला ५ कुठून, ते दिसतं. फक्त सहगुणकात ३ किंवा ५ नकोत, नाहीतर सरमिसळ होते.

अर्थात या उदाहरणात अ = ३, ब = ५ घालूनही काही सापडलं नसतं. शेवटची राशी खरोखरच बरोबर आहे. फक्त शेवटच्या ओळीचा ताळा केला तर मधल्या दोन चुकांनी एकमेकींना खाल्लेलं कधीच कळत नाही. ताळा ओळीओळीने करायचा. आणि तिथे गंमत बघा, १ च कामाला येतो. पहिल्या ओळीत अ = ब = १ घाला : (२)^३ म्हणजे ८, आणि लेकीने लिहिलंय २. चोर लगेच सापडला. सगळी अक्षरं १ केली की घातांक गायब होतात आणि सहगुणक तेवढे उघडे पडतात. म्हणून सहगुणकांचा ताळा १ ने, घातांकांचा ३ आणि ५ ने.

अनुस्वार

सगळ्यांचे मनापासून आभार. ६ घालून दिलं, १/३ आलं, मग तिचं तिलाच हसू आलं. नवऱ्याने बाईंची मनातल्या मनात माफी मागितलीय म्हणे.

आता मुळावरच येते. तिने भिंतीवर नियमांचा तक्ता लावलाय. घातांकांची बेरीज करा, वजाबाकी करा, गुणाकार करा, शून्य असेल तर १, ऋण असेल तर खाली न्या. तक्ता तोंडपाठ आहे, पण कधी बेरीज आणि कधी गुणाकार, इथे दर वेळी घोळ. अ^२ × अ^३ ला अ^६ लिहिते आणि (अ^२)^३ ला अ^५. काय करू?

फळ्यासमोर

तक्ता काढून ठेवा काही दिवस. चिडून सांगत नाहीये. तक्ता समोर असला की मुलं राशीकडे न बघता तक्त्याकडे बघतात.

अ^२ × अ^३ तिला लांबलचक लिहू द्या : अ·अ × अ·अ·अ. किती अ? पाच. (अ^२)^३ लिहू द्या : अ·अ × अ·अ × अ·अ. दोन-दोनचे तीन गट, सहा. अ^५ ÷ अ^२ मध्ये वर पाच, खाली दोन, दोन जोड्या कटल्या, उरले तीन. सगळे नियम या मोजणीतूनच निघतात. हाताला लिहून लिहून कंटाळा आला की मग नियम ती स्वतःच शोधते, आणि तसा सापडलेला नियम विसरायला होत नाही. अडलं की ^३ च्या जागी तीन अ लिहायचे. कितीही मोठं उदाहरण असो, ही वाट कायम मोकळी असते.

आणि पाया (ज्याला घात दिलाय ते अक्षर किंवा आकडा) वेगळा असेल तर हात आवरायचा. अ^२ × ब^३ चं पुढे काहीही होत नाही, ते आहे तसंच सरळ आहे. अ^२ + अ^३ चंही अ^५ होत नाही. तिथे बेरीज आहे, गुणाकार नाही, मोजायला एकच रांग नाही. फार तर अ^२ सामाईक काढून अ^२(१ + अ) लिहिता येईल.

पोथीनिष्ठ

बेरीज की गुणाकार हा घोळ आजचा नाही, म्हणून थोडं अवांतर.

आपल्या जुन्या बीजगणितात घातांक आकड्याने न लिहिता नावाने सांगायची पद्धत होती. दुसरा घात वर्ग, तिसरा घन, चौथा वर्गवर्ग. सहाव्याला घनवर्ग म्हणत, म्हणजे घनाचा वर्ग : ३ × २ = ६. मग पाचव्याचं काय करायचं? त्याला म्हणत वर्गघनघात. इथे घात म्हणजे गुणाकार. वर्ग आणि घन यांचा गुणाकार : २ + ३ = ५. सातवा वर्गवर्गघनघात, ४ + ३. म्हणजे लेकीचा गोंधळ होतोय नेमका त्याच दोन गोष्टी नावातच वेगळ्या ठेवल्या होत्या. नुसती नावं एकापुढे एक आली की घातांकांचा गुणाकार, शेवटी 'घात' लागला की बेरीज. ब्रह्मगुप्तांनी (ब्राह्मस्फुटसिद्धान्त, इ.स. ६२८) तर चौथ्याच्या पुढे पंचगत, षड्गत अशी सरळ आकड्यांचीच नावं वापरली.

भास्कराचार्यांच्या बीजगणितात (११५०) अज्ञात राशीला यावत्तावत्, पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं. लिहिताना या, का, नी, पी. 'या व' म्हणजे आपला क्ष वर्ग, 'या घ' म्हणजे क्ष घन. सजातीय राशींचा गुणाकार केला की वर्ग, घन मिळतात, आणि विजातीय राशींचा केला की त्याला भावित म्हणायचं. वरती फळ्यासमोर म्हणाले ना, अ^२ × ब^३ चं पुढे काही होत नाही, तोच हा भेद.

उगीचच

वर्गवर्गघनघात हे मी आजपासून शिवी म्हणून वापरणार.

अनुस्वार

पोथीनिष्ठ, मस्तच! हे तिला सांगितलं तर तिला नक्की आवडेल.

मोजणीचं पटलं. पण अ^० मध्ये काय मोजू? शून्य वेळा अ लिहिला तर कागद कोराच राहतो, मग उत्तर ० यायला हवं, असं तिचं म्हणणं. खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नाही. आणि अ^(-३), उणे तीन वेळा अ कसा लिहिणार?

फळ्यासमोर

तिची शंका अगदी योग्य आहे. मोजणी इथे संपते. शून्य आणि ऋण घातांक मोजून मिळत नाहीत, ते ठरवावे लागतात. पण वाटेल तसे ठरवता येत नाहीत. आधीचे नियम मोडता कामा नयेत, एवढीच अट, आणि त्या अटीत एकच पर्याय उरतो.

अ^३ × अ^० घ्या. घातांकांची बेरीज ३ + ०, म्हणून उत्तर अ^३ यायलाच हवं. ज्याने गुणलं तरी अ^३ जागचा हलत नाही असा आकडा कोणता? १. अ^० ला ० मानलं तर अख्खा गुणाकार ० झाला आणि नियम मोडला. कोरा कागद बेरजेत ० असतो. गुणाकारात काहीच न गुणणं म्हणजे १ ने गुणणं.

तसंच अ^३ × अ^(-३) = अ^० = १. म्हणजे अ^(-३) हा अ^३ चा गुणाकार व्यस्त, १/अ^३. तो ऋण आकडा नाही! २^(-३) म्हणजे -८ नाही, -६ तर नाहीच नाही, तो १/८ आहे. हे तिच्याकडून निदान एकदा मोठ्याने म्हणवून घ्या.

तिला एक तक्ता काढायला लावा. वरच्या ओळीत ३, २, १, ०, -१, -२, -३. खाली २ चे घात : ८, ४, २, मग? दर पावलाला निम्मे होतायत. पुढे १, १/२, १/४, १/८ आपोआप येतात.

पोथीनिष्ठ

अगदी हाच तक्ता मिखाएल स्टिफेल या जर्मन गणितज्ञाच्या १५४४ च्या ग्रंथात आहे. वर -३ पासून ६ पर्यंत, खाली १/८ पासून ६४ पर्यंत. त्याच्याही आधी, १४८४ साली, निकोला श्युके या फ्रेंच गणितज्ञाने हस्तलिखितात शून्य आणि ऋण घातांक वापरले होते. पण ते हस्तलिखित छापून यायला १८८० साल उजाडलं.

अ^३ ही आजची लिहिण्याची पद्धत देकार्त या फ्रेंच गणितज्ञाने १६३७ मध्ये रूढ केली. गंमत अशी की वर्ग मात्र तो बऱ्याचदा अअ असाच लिहायचा. दोन अक्षरंच तर लिहायची, घातांकाने जागा कुठे वाचतेय?

कंसातली

'खाली न्या' बद्दल माझीही भर. हा शब्दप्रयोग बंदच करायला हवा. आमच्या वर्गातली निम्मी मुलं २अ^(-३) चं १/(२अ^३) करतात, म्हणजे २ लाही फरफटत खाली नेतात. घातांक फक्त अ चा आहे. उत्तर २/अ^३. २ ला न्यायचंच असेल तर कंस हवा : (२अ)^(-३) = १/(८अ^३).

आणि याहून वाईट म्हणजे बेरजेत केलेली ने-आण. हे घ्या :

(अ^(-१) + ब^(-१)) / (अब)^(-१)

मुलं काय करतात? वरचे दोन खाली, खालचा वर, उत्तर अब/(अ + ब). चूक! ३ आणि ५ घाला : वर १/३ + १/५ = ८/१५, खाली १/१५, उत्तर ८. त्यांचं उत्तर १५/८ येतं.

फळ्यासमोर

उत्तम उदाहरण. ८ म्हणजे ३ + ५, तेव्हा सरळ रूप काय असणार याचा वासही आला. अंश आणि छेद दोन्हीला अब ने गुणा. वर ब + अ, खाली १. उत्तर अ + ब.

वर-खाली नेता येतं ते फक्त गुणाकारात असलेल्या अवयवाला. बेरजेतल्या पदाला नाही. (अ + ब)^२ चं अ^२ + ब^२ करणं हीसुद्धा त्याच चुकीची थोरली बहीण. घात गुणाकारावर वाटला जातो, बेरजेवर नाही. लांबलचक लिहून बघा, (अ + ब)(अ + ब) मध्ये मधले २अब लपूच शकत नाहीत.

काथ्याकूट

मुळात ऋण घातांक असलेलं उत्तर 'सरळ' का मानत नाहीत? अ^५ ब^(-२) आणि अ^५/ब^२ यात दुसरं जास्त सरळ हे कोणी ठरवलं? मला तर पहिलं एका ओळीत बसतं म्हणून आवडतं.

फळ्यासमोर

कोणीच ठरवलेलं नाही, तो संकेत आहे. प्रश्नात 'उत्तर धन घातांकात लिहा' असं असेल तर अ^५/ब^२, नसेल तर दोन्ही चालावेत. मी सरळ रूप कशाला म्हणतो सांगू? प्रत्येक अक्षर एकदाच यावं, घातावर घात नसावा, सहगुणकाचा अपूर्णांक संक्षिप्त असावा. एवढं झालं की बस.

एक गोष्ट मात्र पुसली जाता कामा नये. मूळ उदाहरणात अ आणि ब शून्य नाहीत ही अट होती, कारण ते छेदात होते. उत्तर अब^८/२ मध्ये ती अट दिसेनाशी होते. अ = ० घातलं तर उत्तर सुखाने ० देतं, मूळ राशीला मात्र तिथे अर्थच नाही. वरच्या वर्गांत याचे गुण जातात.

शून्यवत

नव्या संकटाची ओळख करून देतो : ऋण चिन्ह आणि कंस.

-२^२ किती? वहीत -४, कारण घात आधी आणि उणे नंतर. (-२)^२ मात्र ४. आता एक्सेलमध्ये =-२^२ टाका. ४ येतं! तिथे पुढचं उणे आकड्याला आधी चिकटतं. पण =०-२^२ टाकलं तर -४, कारण आता ते उणे वजाबाकीचं झालं. पायथन या संगणकाच्या भाषेत (तिथे घातासाठी ^ ऐवजी ** लिहितात) तेच गणित -४ देतं. जावास्क्रिप्ट ही दुसरी भाषा, तिथेही **, पण ती तर कंसाशिवाय असं लिहूच देत नाही, चूक दाखवून थांबते. मला विचाराल तर तेच सगळ्यात शहाणं.

घातावर घात असला तरी हेच रडगाणं. २^३^२ वहीत वरून खाली : आधी ३^२ = ९, मग २^९ = ५१२. पायथन ५१२ च देतं. एक्सेल डावीकडून उजवीकडे जातं : २^३ = ८, ८^२ = ६४. म्हणून सूत्र टाइप करताना कंसांची कंजुषी करू नका. हिशेबाच्या फायलीत असली चूक घुसली की शोधता शोधता डोळे पांढरे होतात.

अनुस्वार

एक्सेलचं आत्ताच करून बघितलं. खरंच ४!! इतकी वर्षं वापरतेय आणि हे माहीत नव्हतं.

उगीचच

म्हणजे गणितात उत्तर काय येणार हे कोणाला विचारलं त्यावर अवलंबून. मी शाळेत हेच सांगत होतो, कोणी ऐकलं नाही.

कंसातली

ऋण पाया निघालाच आहे तर माझी एक अडलेली शंका. (-८)^(१/३) म्हणजे -८ चं घनमूळ, -२. ठीक. पण १/३ = २/६. मग (-८)^(२/६) = ((-८)^२)^(१/६) = ६४^(१/६) = २. एकाच राशीची -२ आणि २ अशी दोन उत्तरं कशी? कुठला नियम मोडला?

फळ्यासमोर

नियम मोडला नाही, त्याच्या हद्दीबाहेर वापरला. (अ^म)^न = अ^(मन) हा नियम म, न पूर्णांक असतील तर शून्य सोडून कुठल्याही पायाला चालतो. अपूर्णांक घातांक आले की पाया धन हवा. पुस्तकात धड्याच्या सुरुवातीला एका ओळीत ते लिहिलेलं असतं आणि ती ओळ कोणी वाचत नाही. वर्ग केला की चिन्ह पुसलं जातं, आणि नंतर सहावं मूळ काढताना ते परत कुठून आणणार?

याचंच रोजच्या वापरातलं रूप म्हणजे अ^२ चं वर्गमूळ. मुलं डोळे झाकून अ लिहितात. अ = -५ घ्या. वर्ग २५, वर्गमूळ ५. अ नव्हे, -अ आलं. म्हणून अ चं चिन्ह माहीत नसेल तर उत्तर |अ|, अ चं केवल मूल्य. 'अ धन आहे' असं प्रश्नात दिलेलं असतं ते याचसाठी.

पोथीनिष्ठ

अपूर्णांक घातांकांचा पाया वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५६ मध्ये घातला, आणि न्यूटनने १६७६ च्या एका पत्रात ते आजच्यासारखे सर्रास वापरले. वर्गमूळ म्हणजे घातांक १/२, कारण १/२ + १/२ = १. पुन्हा तीच युक्ती : जुना नियम मोडू नये म्हणून नवा अर्थ द्यायचा.

अनुस्वार

हे आमच्यासाठी अजून दोन इयत्ता पुढचं आहे, पण वाचनखूण साठवून ठेवलीय. सध्याच्या पातळीचं एखादं उदाहरण द्या ना कोणीतरी, तक्ता बघून सुटणार नाही असं.

फळ्यासमोर

हे द्या :

(५^(न+२) - ५^न) / (५^(न+१) + ५^न)

सूचना काही देऊ नका. बहुतेक मुलं वरच्या दोन घातांकांची वजाबाकी करून ५^२ लिहितात. तिने तसं केलं तर 'वर वजाबाकी आहे की भागाकार?' एवढंच विचारा.

काथ्याकूट

हे आवडलं. न ची किंमत दिलेली नाही, म्हणजे उत्तरात न येणार.

कंसातली

नाही येणार! ५^(न+२) म्हणजे ५^न × २५. वर ५^न सामाईक काढलं की ५^न(२५ - १), खाली ५^न(५ + १). ५^न कटलं, २४/६ = ४. न कितीही असो, उत्तर ४.

न = ० घालून ताळा : (२५ - १)/(५ + १) = ४. न = १ : (१२५ - ५)/(२५ + ५) = १२०/३० = ४.

काथ्याकूट

बरं, हरलो. पण 'कितीही' म्हणजे उणे आणि अपूर्णांकसुद्धा? आणि कटलं कटलं म्हणताय ते ५^न कधी शून्य निघालं तर?

फळ्यासमोर

न = -१ घालून बघा : वर ५ - १/५ = २४/५, खाली १ + १/५ = ६/५, भागाकार ४. अपूर्णांकही चालेल, पाया ५ आहे, धन आहे. आणि ५^न शून्य होऊच शकत नाही. न कितीही उणे केलात तरी १/५, १/२५, १/१२५ असं बारीक होत जाईल, पण ५^न ला ५^(-न) ने गुणलं की १ च येणार. शून्याला कशानेही गुणून १ येत नाही. तेव्हा बिनधास्त छाटा.